‘मर्मर’ : आर.ई.एम.च्या पहिल्या अल्बमच्या आवृत्तींविषयी प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

पाश्चात्त्य रॉक संगीतातील महत्त्वाच्या अल्बमांची मराठीतून सविस्तर नोंद करण्याचे जे काम आमच्या गटाने हाती घेतले आहे, त्यात आर.ई.एम. या अमेरिकी बँडचा पहिला अल्बम माझ्या वाट्याला आला आहे. मी जॉर्जिया राज्यात राहतो आणि हा बँड ज्या अथेन्स गावात जन्माला आला, ते गाव येथून मोटारीने साधारण दीड तासाच्या अंतरावर आहे. त्यामुळे हे काम मी आपणहून मागून घेतले. प्रत्येक अल्बमसाठी ध्वनिमुद्रणाचा वृत्तांत, प्रकाशनाचा इतिहास आणि आवृत्तींचा तक्ता असे तीन भाग आम्ही ठरवले आहेत. पहिल्या दोन भागांसाठी लागणारी माहिती विपुल आहे. खरी कसोटी तिसऱ्या भागात लागणार आहे, कारण १९८३ मध्ये बाजारात आलेला ‘मर्मर’ आणि आज एखादा नवा श्रोता ऐकतो तो ‘मर्मर’ यांच्या दरम्यान चाळीसहून अधिक वर्षांची पुनर्प्रकाशने उभी आहेत.

पहिला प्रश्न आरंभाचाच आहे. या बँडचे पहिले प्रकाशन कोणते म्हणायचे? १९८१ मध्ये निघालेले दोन गाण्यांचे सिंगल, १९८२ मधील पाच गाण्यांचा ‘क्रॉनिक टाउन’ हा ईपी आणि १२ एप्रिल १९८३ रोजी आलेला बारा गाण्यांचा ‘मर्मर’ असे तीन दावेदार आहेत. पूर्ण लांबीचा पहिला अल्बम म्हणून मुख्य नोंद ‘मर्मर’चीच राहील. मात्र तक्त्याची सुरुवात मी १९८१ पासून करणार आहे, कारण ‘मर्मर’चा आवाज असा का आहे हे आधीच्या दोन प्रकाशनांना वगळून सांगता येत नाही.

१९ जानेवारी २०२५

आज हिब-टोन सिंगलची नोंद पूर्ण केली. गायक मायकेल स्टाइप, गिटारवादक पीटर बक, बेसवादक माइक मिल्स आणि ड्रमवादक बिल बेरी या चौघांनी ५ एप्रिल १९८० रोजी अथेन्समधील सेंट मेरीज या वापरात नसलेल्या चर्चमध्ये एका वाढदिवसाच्या निमित्ताने पहिल्यांदा लोकांसमोर एकत्र वादन केले. पुढे वर्षभर त्यांनी दक्षिणेकडील लहान गावांतल्या क्लबांत कार्यक्रम केले आणि १९८१ च्या एप्रिलमध्ये उत्तर कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम येथे मिच ईस्टर या निर्मात्याच्या ‘ड्राइव्ह-इन’ स्टुडिओत त्यांनी ‘रेडिओ फ्री युरोप’ आणि ‘सिटिंग स्टिल’ ही गाणी ध्वनिमुद्रित केली. हा स्टुडिओ म्हणजे ईस्टरच्या आईवडिलांच्या घराचे गॅरेज होते.

जॉनी हिबर्ट याच्या हिब-टोन या छोट्या कंपनीने जुलै १९८१ मध्ये हे सिंगल काढले. पहिल्या खेपेस एक हजार प्रती छापल्या गेल्या आणि त्यांपैकी सहाशे प्रती प्रसिद्धीसाठी वाटण्यात आल्या. समीक्षकांनी उचलून धरल्यावर आणखी सहा हजार प्रती काढाव्या लागल्या. पहिल्या छपाईवर कंपनीचा पत्ताच द्यायचा राहून गेला होता, म्हणजे रेकॉर्ड आवडलेल्या दुकानदाराने मागणी नोंदवायची तरी कोठे, असा प्रसंग होता. असे असूनही रेकॉर्डचे नाव तोंडोतोंडी पसरले, ही बाब मी वृत्तांतात ठळकपणे ठेवणार आहे.

या सिंगलच्या मास्टरिंगवर, म्हणजे छपाईपूर्वी ध्वनीला दिलेल्या अंतिम रूपावर, बँड नाराज होता. आवाज गढूळ झाला म्हणून बकने एक प्रत फोडून घराच्या भिंतीवर चिकटवून ठेवली होती. तरीही पुढे ‘मर्मर’साठी हेच गाणे नव्याने ध्वनिमुद्रित झाले तेव्हा जुन्या रूपाचा वेग आणि धसमुसळेपणा नव्यात उतरला नाही, असे बँडमधल्यांचेच मत पडले, आणि १९८८ मधील ‘एपॉनिमस’ या संकलनात त्यांनी हिब-टोनचेच रूप घेतले. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने २००९ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदपटात ज्या ‘रेडिओ फ्री युरोप’चा समावेश केला, तेही हे १९८१ चेच रूप आहे. तक्त्यात या गाण्याच्या दोन रूपांना मी दोन स्वतंत्र क्रमांक दिले आहेत. शीर्षक तेच असले तरी ती दोन वेगळी ध्वनिमुद्रणे आहेत, आणि ती एकाच ओळीत टाकली तर वाचकाची फसगत होईल.

२ फेब्रुवारी २०२५

‘क्रॉनिक टाउन’ची नोंद. ऑक्टोबर १९८१ मध्ये पुन्हा ईस्टरच्याच गॅरेजमध्ये याचे ध्वनिमुद्रण झाले. मे १९८२ मध्ये बँडने आय.आर.एस. या कंपनीशी करार केला. मायल्स कोपलंड याने स्थापन केलेल्या या कंपनीच्या रेकॉर्ड त्या वेळी ए अँड एम या मोठ्या कंपनीमार्फत वितरित होत असत. हा तपशील कोरडा वाटतो, परंतु पुढे हक्कांचा गुंता सोडवताना तोच कामी येणार आहे, म्हणून येथेच लिहून ठेवतो. ईपी ऑगस्ट १९८२ मध्ये निघाला. निळसर छटेच्या मुखपृष्ठावर पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलवरील एक विचित्र दगडी प्राणी आहे, आणि रेकॉर्डच्या दोन बाजूंना एक व दोन असे आकडे न देता ‘क्रॉनिक टाउन’ आणि ‘पोस्टर टॉर्न’ अशी नावे दिलेली आहेत.

ही पाच गाणी १९८७ मध्ये ‘डेड लेटर ऑफिस’ या संकलनाच्या सीडीला शेपटासारखी जोडली गेली आणि पुढे कैक वर्षे सीडी ऐकणाऱ्यांना ती तेवढीच मिळत राहिली. स्वतंत्र सीडी म्हणून ‘क्रॉनिक टाउन’ २०२२ मध्ये, म्हणजे मूळ प्रकाशनाला चाळीस वर्षे झाल्यावर निघाली. एखादे प्रकाशन बाजारात उपलब्ध असूनही स्वतःच्या रूपात नाहीसे कसे होते याचे हे स्पष्ट उदाहरण आहे, आणि आपल्या तक्त्यात ‘स्वतंत्रपणे उपलब्ध’ असा वेगळा रकाना हवा, हा माझा प्रस्ताव गटाने मान्य केला आहे.

९ फेब्रुवारी २०२५

या अल्बमच्या इतिहासातील निर्णायक घटना म्हणजे एक असफल ध्वनिमुद्रण होय. ‘क्रॉनिक टाउन’नंतर पूर्ण अल्बम काढायचा ठरला, तेव्हा आय.आर.एस.ने निर्माता म्हणून स्टीफन हेग याचे नाव पुढे केले. हेगचा भर तांत्रिक अचूकतेवर होता. १९८२ च्या अखेरीस ‘कॅटपल्ट’ हे एकच गाणे चाचणीसाठी घेण्यात आले आणि त्याने ते पुन्हा पुन्हा वाजवून घेतले. त्याचा सर्वाधिक ताण बिल बेरीवर पडला, कारण ड्रमचा ठोका यंत्रासारखा बिनचूक पडेपर्यंत सुटका नव्हती. बाकीच्यांची वाद्ये नंतर दुरुस्त करता येत, ड्रम मात्र पायाच असल्याने प्रत्येक वेळी आरंभापासून वाजवावे लागत. एवढे झाल्यावर हेगने ती टेप नेली आणि बँडला न विचारता तिच्यावर कीबोर्डचे थर चढवले.

चौघांना हे रूप मुळीच रुचले नाही. त्यांनी कंपनीला सांगितले की आम्हाला मिच ईस्टरबरोबरच काम करायचे आहे. कंपनीने थेट होकार दिला नाही, तर त्याच्यासोबत एक गाणे करून दाखवा, अशी अट घातली. ईस्टरने डॉन डिक्सन याला सहनिर्माता म्हणून जोडीला घेतले, उत्तर कॅरोलायनातीलच शार्लट शहरातील ‘रिफ्लेक्शन’ या स्टुडिओत ‘पिल्ग्रिमेज’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले, आणि ते ऐकून कंपनीने पूर्ण अल्बमला मान्यता दिली.

हा प्रसंग सांगताना हेगला खलनायक ठरवण्याचा मोह टाळला पाहिजे. तो पुढे अतिशय यशस्वी निर्माता झाला आणि ज्या प्रकारच्या संगीतासाठी त्याची पद्धत योग्य होती, तेथे तिने उत्तम फळ दिले. येथे मुद्दा वेगळा आहे. तोवर एकही पूर्ण अल्बम न काढलेल्या, बाजारात फारसे वजन नसलेल्या चार तरुणांनी नकार दिला, आणि एका कंपनीने तो ऐकून घेतला. ‘मर्मर’विषयी लिहिताना बहुतेक लेखक त्याच्या धूसरपणाचे कौतुक करतात आणि तो आपोआप, कमी पैशांमुळे किंवा अननुभवामुळे आला असावा असे सुचवतात. ध्वनिमुद्रणाचा वृत्तांत जितका वाचत जातो, तितके मला हे मत चुकीचे वाटते. हा अल्बम काय नको हे नेमके ठाऊक असलेल्या लोकांनी केला आहे, आणि आपला वृत्तांत याच सूत्रावर उभा राहील.

२३ फेब्रुवारी २०२५

रिफ्लेक्शन स्टुडिओतील कामाचा भाग आज लिहून झाला. जानेवारी आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये हे ध्वनिमुद्रण झाले. ईस्टरच्या गॅरेजच्या मानाने ही जागा बरीच सुसज्ज होती. या स्टुडिओत भजन-कीर्तनाच्या धर्तीच्या ख्रिस्ती गॉस्पेल मंडळींचेही काम चाले, आणि तेथील चांगला पियानो व इतर वाद्ये हाताशी होती. त्यांचा उपयोग कसा झाला ते ‘परफेक्ट सर्कल’मध्ये ऐकता येते. त्यात दोन पियानो एकमेकांवर बसवले आहेत, एक मैफलीचा मोठा पियानो आणि दुसरा ज्याच्या हातोड्यांना खिळे टोचून आवाज टणटणीत केला आहे असा. दोन्ही एकच सुरावट वाजवतात आणि त्यांच्या सुरांतील किंचित फरकामुळे तिसराच एक थरथरता स्वर निर्माण होतो. हेडफोन लावून गाण्याचा पहिला अर्धा मिनिट ऐकल्यास हा थर स्पष्ट जाणवतो. या गाण्याची मूळ कल्पना बेरीची आहे, हेही नमूद केले पाहिजे, कारण ड्रमवादकाला गाण्याचे श्रेय देणे बहुतेक जण विसरतात.

नकारांची यादी मोठी आहे. गिटारचे लांबलचक सोलो नकोत, सिंथेसायझर नकोत, त्या काळी रेडिओवर सर्रास ऐकू येणारा भडक, घुमणारा ड्रम नको. बेरीचे ड्रम एका बंद खोलीत, बाकीच्यांपासून वेगळे ठेवून घेतले गेले, त्यामुळे त्यांचा आवाज कोरडा आणि जवळचा वाटतो. बकने आपल्या रिकनबॅकर गिटारवर एकेक तार सुटी छेडत सुरावटी गुंफल्या आणि त्यांच्या मागे अकूस्टिक गिटारचे थर ठेवले. मिल्सचा बेस मात्र एका जागी ठरत नाही. बहुतेक गाण्यांत मुख्य सुरावट तोच पुढे नेतो आणि गिटार त्याला भरणा देते.

स्टाइपचे गायन नियंत्रण कक्षाजवळच्या जिन्यात, जवळजवळ अंधारात घेतले गेले, जेणेकरून कोणी आपल्याकडे पाहत आहे ही जाणीव त्याला राहू नये. त्याचे शब्द पुष्कळदा कळत नाहीत आणि मूळ रेकॉर्डसोबत गीतांचा छापील कागदही नव्हता. हे लक्षात घेऊन आमच्या नोंदीत गाण्यांचे ‘अर्थ’ देण्याचा रकाना मी रिकामा ठेवण्याऐवजी काढूनच टाकला आहे. ज्या अल्बमच्या कर्त्यांनी शब्दांना वाद्यांच्या बरोबरीने, एका थरासारखे वापरले, तेथे ऐकीव शब्दांवरून अर्थ लावून तो छापणे मला प्रामाणिक वाटत नाही.

ईस्टरच्या कल्पकतेचे दोन पुरावे वृत्तांतात ठेवले आहेत. ‘रेडिओ फ्री युरोप’च्या आरंभी जो खरखरीत, दचकवणारा गुणगुणाट ऐकू येतो, तो स्टुडिओच्या यंत्रणेतील विजेचा हेलकावा होता. ईस्टरने तो टिपून ठेवला आणि मिल्सच्या बेसच्या ठोक्यांबरोबर तो उघडेल व मिटेल अशी योजना केली. दुसरा पुरावा ‘वी वॉक’मध्ये आहे. तेथे पार्श्वभूमीला दूरच्या गडगडाटासारखे काही ऐकू येते, ते बिलियर्डचे चेंडू एकमेकांवर आपटल्याचे, गती कमी करून वापरलेले आवाज आहेत.

१ मार्च २०२५

गाण्यांचा क्रम निश्चित करून तक्त्यात भरला. पहिली बाजू : रेडिओ फ्री युरोप, पिल्ग्रिमेज, लाफिंग, टॉक अबाउट द पॅशन, मॉरल किऑस्क, परफेक्ट सर्कल. दुसरी बाजू : कॅटपल्ट, सिटिंग स्टिल, ९-९, शेकिंग थ्रू, वी वॉक, वेस्ट ऑफ द फील्ड्स. सर्व गाण्यांचे श्रेय चौघांना सामायिक दिले आहे. अपवाद शेवटच्या गाण्याचा, तेथे नील बोगन हे पाचवे नाव आहे.

एक प्रश्न मात्र गटापुढे मांडावा लागेल. ‘शेकिंग थ्रू’ संपल्यावर आणि ‘वी वॉक’ सुरू होण्यापूर्वी काही सेकंदांचा एक वाद्यतुकडा आहे, ज्याचा मुखपृष्ठावर किंवा लेबलवर कोठेही उल्लेख नाही. माझ्या एलपीवर सुई ‘शेकिंग थ्रू’च्या शेवटच्या खाचेवरून पुढे सरकली की हा तुकडा अकस्मात सुरू होतो आणि तितक्याच अकस्मात तुटतो. त्याला तेरावे गाणे म्हणणे गैर, पण दुर्लक्ष करणेही बरोबर नाही. ‘शीर्षकविरहित तुकडा’ अशी तळटीप दहाव्या गाण्याला जोडावी, असे मी सुचवले आहे.

१५ मार्च २०२५

मुखपृष्ठाच्या नोंदीसाठी आज अथेन्सला जाऊन आलो. पुढच्या बाजूच्या छायाचित्रात कुडझू या वेलीने गिळलेला परिसर आहे. ही वेल मूळची पूर्व आशियातील. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातून ती अमेरिकेत आली, १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबावी म्हणून सरकारनेच तिच्या लागवडीला उत्तेजन दिले, आणि मग ती दक्षिणेतील झाडे, खांब, पडकी घरे असे जे समोर येईल ते व्यापत गेली. आपल्याकडे घाणेरीने डोंगरउतार जसे व्यापले आहेत, तसाच हा प्रकार आहे, फरक इतकाच की कुडझू उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत चढते आणि तिच्याखाली काय आहे याची केवळ बाह्याकृती उरते. मार्चमध्ये मात्र वेल वाळलेली असते. अल्बमवरील छायाचित्रातही ती हिरवीगार नाही, राखाडी-तपकिरी गुंताच दिसतो, आणि आज रस्त्याकडेला पाहिलेले दृश्य त्याच्याशी तंतोतंत जुळणारे होते. हे छायाचित्र निवडताना या बँडने आपण कोठले आहोत हे न लपवता सांगितले. त्या काळी न्यूयॉर्क आणि लंडन येथेच नवे संगीत घडते असे मानले जात होते, आणि जॉर्जियातील एका विद्यापीठाच्या गावातील मुलांनी आपल्या अंगणातले रान अल्बमच्या दर्शनी भागावर ठेवले.

मागील बाजूस लाकडी खांबांचा रेल्वेपूल आहे. ट्रेल क्रीक या ओढ्यावरचा हा पूल रेल्वेच्या उपयोगातून गेल्यावर पाडला जाणार होता, तेव्हा गावकऱ्यांनी आणि बँडच्या चाहत्यांनी तो वाचवण्याची मागणी लावून धरली आणि पुढे स्थानिक प्रशासनाने तो ताब्यात घेतला. आता तेथे पायी व सायकलने जाण्याचा मार्ग झाला आहे. जुने लाकूड कुजल्याने पुलाची बांधणी नव्याने करावी लागली, तरी आडव्यातिडव्या तुळयांची मूळ आकृती राखलेली आहे. अल्बमच्या मागील छायाचित्राच्या कोनातून पाहावे म्हणून मी खाली ओढ्याच्या काठाशी उतरलो. झाडे वाढल्यामुळे तसा पूर्ण देखावा आता मिळत नाही. सेंट मेरीज चर्चची इमारतही उरलेली नाही, केवळ तिचा विटांचा मनोरा उभा आहे.

३० मार्च २०२५

१९८३ मधील प्रतिसादाची नोंद थोडक्यात आटोपली. अल्बम ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रियता यादीत ३६ व्या स्थानापर्यंत गेला, नव्याने ध्वनिमुद्रित ‘रेडिओ फ्री युरोप’चे सिंगल ७८ व्या स्थानापर्यंत. वर्षअखेरपर्यंत सुमारे दोन लाख प्रती खपल्या. हा आकडा एका नव्या बँडसाठी चांगला असला, तरी कंपनीच्या अपेक्षेहून कमीच होता. समीक्षकांचा कौल मात्र निःसंदिग्ध होता. ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ला मागे ठेवून ‘मर्मर’ला वर्षातील सर्वोत्तम अल्बम ठरवले, आणि ‘व्हिलेज व्हॉइस’च्या वार्षिक मतदानात तो ‘थ्रिलर’च्या खालोखाल दुसरा आला.

त्या वर्षीच्या दोन कार्यक्रमांची नोंदही तक्त्याखाली ठेवली आहे. १८ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ‘द पोलीस’ या ब्रिटिश बँडच्या आधी त्यांनी वादन केले. इतक्या मोठ्या मैदानात वाजवणे त्यांना मानवले नाही. ६ ऑक्टोबरला डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात ते राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर प्रथम दिसले. त्यात ‘रेडिओ फ्री युरोप’नंतर त्यांनी असे गाणे वाजवले ज्याचे नावही तोवर ठरले नव्हते. पुढच्या अल्बममधील ‘सो. सेंट्रल रेन’ ते हेच. दोन गाण्यांच्या मध्ये सूत्रधार बक आणि मिल्स यांच्याशी बोलत असता गायक ड्रमच्या चौथऱ्यावर मागे बसून राहिला. अल्बमला सुवर्ण मानांकन (अमेरिकेत पाच लाख प्रतींसाठी दिले जाणारे) मिळायला १९९१ साल उजाडले, म्हणजे ‘आउट ऑफ टाइम’ या अल्बममुळे हा बँड घरोघरी पोहोचला, त्या वर्षी. अल्बमची बरीचशी विक्री त्याच्या प्रकाशनानंतर, मागे वळून पाहणाऱ्या श्रोत्यांमुळे झाली, आणि आवृत्तींचा इतिहास समजण्यास हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

१३ एप्रिल २०२५

हक्कांचा गुंता. आय.आर.एस.चे वितरण अमेरिकेत १९८५ पर्यंत ए अँड एमकडे होते, त्यानंतर एमसीएकडे गेले, आणि पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी आय.आर.एस. ही कंपनीच ईएमआयने घेतली. बँड १९८८ मध्ये वॉर्नरकडे गेला होता, त्यामुळे जुन्या अल्बमांच्या पुनर्प्रकाशनांवर त्याचा हात पूर्वीइतका राहिला नाही. ए अँड एमच्या काळातील पहिले दोन अल्बम, म्हणजे ‘मर्मर’ आणि ‘रेकनिंग’, अमेरिकेत त्याच घराण्यात राहिले आणि अखेर युनिव्हर्सलच्या छत्राखाली आले. त्यानंतरचे आय.आर.एस. काळातले अल्बम ईएमआयच्या कॅपिटलकडे गेले. विशेष आवृत्तींच्या मालिकेत पहिल्या दोन अल्बमांवर एका कंपनीचे आणि पुढच्यांवर दुसऱ्या कंपनीचे चिन्ह का, या प्रश्नाचे उत्तर या फाळणीत आहे.

युरोपात १९९२ मध्ये ‘आय.आर.एस. व्हिंटेज इयर्स’ या मालिकेत ‘मर्मर’ची सीडी निघाली, तिच्यात चार गाणी जास्तीची आहेत. पहिले ‘देअर शी गोज अगेन’, मूळचे वेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडचे गाणे, जे १९८३ च्या सिंगलच्या मागील बाजूवर होते. उरलेली तीन जाहीर कार्यक्रमांतली आहेत : बोस्टनमधील ‘९-९’ आणि ‘गार्डनिंग ॲट नाइट’, आणि सिएटलमधील ‘कॅटपल्ट’. पुण्यातल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांकडे हीच सीडी आहे. त्यांनी फोनवर सांगितले, “अरे, माझ्यासाठी ‘मर्मर’ सोळा गाण्यांचाच आहे, तीस वर्षे तसाच ऐकतोय.” त्यांचे म्हणणे मी गांभीर्याने घेतो. श्रोत्याच्या मनात अल्बम कोठे संपतो हे त्याच्या हाती कोणती प्रत आली यावर ठरते. तरी तक्त्यात मूळ बारा गाण्यांखाली आडवी रेघ राहील. ‘वेस्ट ऑफ द फील्ड्स’ची धाव ज्या जागी थांबते, तेथे बँडने अल्बम थांबवला होता, आणि त्यानंतर लगेच दुसऱ्या कोणाचे, वेगळ्या हेतूने ध्वनिमुद्रित केलेले गाणे ऐकू येणे हा नंतरच्या काळातील निर्णय आहे.

४ मे २०२५

२५ नोव्हेंबर २००८ च्या विशेष आवृत्तीवर आज काम केले. अल्बमला पंचवीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने निघालेला हा दोन सीडींचा संच आहे. पहिल्या सीडीत ग्रेग काल्बी याने नव्याने मास्टरिंग केलेली बारा गाणी आहेत आणि त्यांच्यानंतर काहीही जोडलेले नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटतो. जास्तीचे सर्व काही दुसऱ्या सीडीत आहे : ९ जुलै १९८३ रोजी टोरांटोच्या लॅरीज हाइडअवे या क्लबमधील कार्यक्रम.

तो कार्यक्रम पूर्ण ऐकला, मग एलपी ऐकली, आणि पुन्हा कार्यक्रम ऐकला. माझा फेब्रुवारीतील तर्क त्यामुळे बळावला आहे. क्लबमध्ये हा बँड जलद, खणखणीत आणि जोरकस वाजवतो. ‘९-९’ आणि ‘सिटिंग स्टिल’ यांत तर गिटार अक्षरशः अंगावर येते. म्हणजे स्टुडिओतील संयत, मागे सरकलेला, थर चढवलेला आवाज ही त्यांची मर्यादा नव्हती. त्यांना जोरात वाजवता येत होते आणि जानेवारीत शार्लटमध्ये त्यांनी तसे न वाजवण्याचे ठरवले. शिवाय या कार्यक्रमात ‘सेव्हन चायनीज ब्रदर्स’ आणि ‘हार्बरकोट’ ही पुढच्या अल्बमातील गाणी आहेत, आणि १९८६ पर्यंत अल्बमात न आलेले ‘जस्ट अ टच’देखील आहे. पहिला अल्बम येऊन तीनच महिने झाले असता हाताशी इतकी गाणी होती, हे पाहता ‘मर्मर’मध्ये काय घेतले यापेक्षा काय बाहेर ठेवले हेही तपासण्याजोगे आहे. ‘गार्डनिंग ॲट नाइट’ हे त्यांच्या कार्यक्रमांतील आवडते गाणे ईपीवर येऊन गेले म्हणून अल्बमात घेतले नाही, हा त्यातलाच भाग.

नव्या मास्टरिंगविषयी : बेस अधिक सुस्पष्ट आहे, झांजांचा आवाज पूर्वीच्या सीडीपेक्षा मोकळा आहे, आणि आवाजाची पातळी वाढवण्याच्या त्या काळच्या रूढीपायी बारकावे चिरडलेले नाहीत. ‘परफेक्ट सर्कल’मधील दोन पियानोंमधला फरक येथे एलपीइतकाच टिकून आहे. मोबाइल फिडेलिटी या कंपनीने काढलेल्या सोन्याच्या सीडीला संग्राहकांमध्ये मोठा मान आहे, तिचीही स्वतंत्र ओळ केली. परंतु नव्या वाचकाने कोणती प्रत घ्यावी, या प्रश्नाला आमची शिफारस २००८ च्या पहिल्या सीडीची राहील.

१८ मे २०२५

तक्ता गटाकडे पाठवण्यापूर्वीचे निर्णय येथे लिहून ठेवतो. मुख्य नोंद १२ एप्रिल १९८३ च्या बारा गाण्यांच्या एलपीची. कॅसेट आणि नंतरच्या सीडी तिच्या पोटनोंदी. हिब-टोन सिंगल आणि ‘क्रॉनिक टाउन’ यांना ‘पूर्वप्रकाशने’ या मथळ्याखाली स्वतंत्र स्थान. १९९२ ची चार गाणी रेघेखाली, प्रत्येकापुढे त्याचा उगम. टोरांटोचा कार्यक्रम अल्बमचा भाग म्हणून धरलेला नाही, त्याला १९८३ च्या जाहीर कार्यक्रमांच्या नोंदीत सोळा गाण्यांच्या क्रमासह जागा दिली आहे आणि तेथून अल्बमकडे निर्देश केला आहे. शीर्षकविरहित तुकड्याची तळटीप गटाने मान्य केली. ती दहाव्या गाण्याला जोडली आहे.

संपादकबाईंनी विचारले होते की हेगच्या ‘कॅटपल्ट’ला ओळ द्यायची की नाही. अधिकृत अल्बमात ते नसल्याने तक्त्यात त्याला स्थान नाही, वृत्तांतात मात्र संपूर्ण परिच्छेद ठेवला आहे, आणि तो कापू नये अशी विनंती मी त्यांना केली आहे. पुढचे काम ‘रेकनिंग’चे. तोच स्टुडिओ, तीच ईस्टर-डिक्सन जोडी, एप्रिल १९८४. टोरांटोच्या ध्वनिमुद्रणातील ‘हार्बरकोट’ आणि अल्बममधील ‘हार्बरकोट’ यांची तुलना करून त्या नोंदीस सुरुवात करणार आहे.